तळवे बघणारं माणूस

सरकारी विद्यापीठात पायांच्या उपचारांचं कॉलेज निघावं म्हणून मी अनेक वर्षं खेटे घातले. "पायांसाठी वेगळं कॉलेज कशाला, बाई?" असं हसून विचारणारे पुष्कळ भेटले. अखेर ते सुरू झालं.

पहिल्याच सकाळी कॉलेजच्या दवाखान्यात माझ्याकडे शाळेतले एक निवृत्त पी.टी. मास्तर आले. मधुमेहाने त्यांचे तळवे बधिर झाले होते. टाचेत बारीक खिळा रुतला होता, तरी दोन दिवस त्यांना कळलंच नव्हतं. मी जखम धुऊन पट्टी बांधली आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, "काका, घरच्या कोणाला तरी रोज तळवे बघायला सांगा."

"कोणाला सांगू?" त्यांनी साधेपणाने विचारलं.

स्वतःचा तळवा माणसाला नीट दिसत नाही, त्याला दुसरं कोणीतरी लागतं. माझ्याही घरी तसं कोणी नव्हतं. "दर सोमवारी इथे या, मी बघत जाईन," एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी जखम पूर्ण भरली. तसं सांगताच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता यायचं नाही?"

"या की," मी म्हणाले, आणि त्यांच्या कागदावर पुढचा सोमवार लिहिला.