नाना तळपद्यांनी बदललेली बाजू

नाना तळपदे फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. इन्कम टॅक्सवर त्यांचा जुना राग. पगार हातात पडायच्या आधीच सरकार त्यातला वाटा उचलतं, हे त्यांना कधीच पटलं नाही. दुपारच्या चहाला ते कारकुनांना सांगत, "कमाईवर कर कसला लावता? खर्चावर लावा. जो उधळेल तो भरेल, जो राखेल तो सुटेल." हाताखालच्या रामदासला हे पाठ झालं होतं. तो गिरगावात नानांच्याच वाडीत राहायचा.

छप्पन साली नाना निवृत्त झाले. कंपनीत पेन्शन नव्हती. प्रॉव्हिडंट फंड आणि पोटाला चिमटा काढून राखलेली शिल्लक, एवढ्यावर नवरा-बायकोला पुढचं आयुष्य काढायचं होतं. वर्षभरात सुभद्राबाईंचे गुडघे धरले. जमिनीवरून उठणं होईना, तेव्हा डॉक्टरांनी खाटेवर झोपायला सांगितलं. नानांनी लोखंडी खाट आणि गादी आणली. बिलाच्या तळाशी विक्रीकर लावलेला होता.

सुभद्राबाईंनी बिल वाचलं. "हा कर कशाचा?"

"विकत घेतलं त्याचा."

"पण हे पैसे टॅक्स कापूनच घरी आले होते ना?"

"तो दिल्लीचा. हा इथल्या सरकारचा."

"असेल. गेले दोन्ही आपलेच."

नानांनी बिल पुन्हा एकदा वाचलं. आपण राखलं ते सुटलं नव्हतं, फक्त उशिरा खर्च झालं होतं.

त्या दिवसांत वाडीत संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरं बोलणं नसे. सभा, मोर्चे, वर्गणी. त्यातूनही वाडीतल्या मंडळाने एका रविवारी वादविवाद ठेवला : इन्कम टॅक्स काढून टाकावा आणि सगळा कर विक्रीवर घ्यावा. ठराव रामदासने मांडला. नानांचीच वाक्यं त्याने ठसक्यात म्हटली, टाळ्या घेतल्या, आणि "अनुमोदन अर्थातच नाना देतील," असं सांगून खाली बसला.

नाना उठले. "मी विरोधात बोलणार आहे," ते म्हणाले. "नोकरीत होतो तेव्हा कमाईवरचा कर मी भरला. आता कमाई नाही, नुसता खर्च आहे. उद्या सगळा कर खर्चावर आला तर रामदासचा एक कर सुटेल. मला त्याच पैशावर दुसऱ्यांदा भरावा लागेल, तोही वाढीव. औषधाची बाटली घेणं म्हणजे उधळणं नव्हे."

हात वर झाले. तरुणांच्या जोरावर ठराव पास झाला, आणि मंडळी लगेच दुसऱ्या दिवशीच्या मोर्चाच्या तयारीला लागली.

नानांचं ते बोलणं रामदासला लागलं. पंधरवडाभर तो नानांकडे फिरकला नाही. मग एका संध्याकाळी आला आणि उंबऱ्याशीच म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत, आणि चारचौघांत तुम्हीच खोडलंत."

"तेव्हाही मला जे दिसलं तेच सांगत होतो," नाना म्हणाले. "तुझं चुकलं असं मी कुठे म्हटलं? तुझ्या पगारातून जातं, तुला ते टोचणारच. पण आमच्यासारख्यांचं काय करायचं, तेवढं ठरावात घालायला हवं होतं."

"काय घालायचं?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही."

सुभद्राबाईंनी खाटेवरूनच रामदासला आत ये म्हटलं. तो आत आला, चहा प्यायला. दोघांचं त्या बाबतीत पुढेही कधी जमलं नाही, पण येणंजाणं राहिलं.