नातवासाठी गाऱ्हाणं

माझा थोरला भाऊ मुंबईत गोऱ्या साहेबाच्या कंपनीत कारकून होता. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी तिथं पुरेना, म्हणून पहिली काही वर्षं त्यानं बोलणीच खाल्ली. मुलाच्या वाट्याला हे नको म्हणून त्यानं त्याला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेतल्या बाईंनी घरीही इंग्रजीच बोला असं बजावलं आणि आमच्या भावानं ते वेदवाक्य मानलं. इथवर मला त्याची चूक दिसत नाही.

साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात तो सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन गावी आला. आईनं नातवासाठी तांदळाच्या शेवयांसारखे शिरवाळे केले, वर नारळाचा गोड रस वाढला आणि अजून हवा का, असं विचारलं. मुलानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बापानं इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली. पुढे रोज तेच. आईला मालवणीशिवाय दुसरं काही बोलता येत नसे. मुलाशी जरा कमी बोल, त्याचा गोंधळ होतो, असंही भावानं तिला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निघायच्या दिवशी सगळे देवळात गेलो. परगावी जाणाऱ्यासाठी घरातला वडीलधारा देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, हा आमचा रिवाज. थोरल्या काकांनी नारळ ठेवला आणि काय मागायचं ते विचारलं. भाऊ म्हणाला, मुलाचा शाळेत पहिला नंबर येऊ दे. आई मागे बायकांत उभी होती. अशा वेळी आमच्याकडे बायका मध्ये बोलत नाहीत. ती बोलली.

"भावजी, माझ्या नातवाक माझा बोलणा कळांदे. येवढाच मागा."

काकांनी भावाचं मागणं बाजूला ठेवलं आणि आईचंच देवाच्या कानावर घातलं. आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. सवयीनं भावाच्या तोंडूनही ते निघून गेलं.

बाहेर आल्यावर मुलानं बापाला इंग्रजीत विचारलं, आजीनं देवाकडे काय मागितलं? भावानंही इंग्रजीतच सांगितलं, तुझा पहिला नंबर.

मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकले होते, त्यामुळे मला ते समजलं. आईला त्या बोलण्यातला ‘आजी’ एवढा एकच शब्द कळला होता, आणि ती दोघांकडे बघून हसत होती.