भागाच्या पुतळ्याचा हार

त्या दिवशी सुरतेतल्या आमच्या लिंबायत वस्तीच्या तोंडाशी सकाळपासून मांडव पडला होता. आम्हाला वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल… बघते तर चौकात पुतळा बसवत होते, आणि पुतळा आमच्या भागा हमालाचा!

प्लेगनं सगळी सुरत पळाली होती ना, त्याच्या दोनेक वर्षांनंतरची ही गोष्ट. पळालेली माणसं परत आली, शहर धुऊनपुसून चकाचक झालं, आणि चौकाचौकात काहीतरी बसवायची टूम निघाली. कुठे कारंजं, कुठे घोडा. आमच्या वाट्याला हमाल आला.

भागा आमच्या शेजारचा, पारोळ्याकडचा. मार्केटात साड्यांची पोटली, म्हणजे गठ्ठे, वाहायचा, कधी डोक्यावर, कधी लारीवर, म्हणजे हातगाडीवर. एका शिकाऊ कलाकारानं त्याला चार दिवस डोक्यावर पोटलं देऊन उभं केलं होतं. चहा-खारी मिळायची म्हणून हाही मुकाट उभा राहिला. त्याला वाटलं, फोटो काढतायत… एका फोटोला चार दिवस लागतात का, हा प्रश्न त्याला पडला नाही. तसा तो सरळ माणूस.

पाटी गुजरातीत होती. माझी शाळा तिसरीत सुटलेली, मला मराठीच अडखळत वाचता येतं. एका रिक्षावाल्यानं वाचून दाखवलं, की ज्या गरिबांच्या डोक्यावर ही सुरत उभी आहे त्यांचा हा सन्मान. म्हटलं, वा. आणि त्या गरिबांच्या लाऱ्या आठवडाभर आधीच तिथून हाकलल्या होत्या, चौक चांगला दिसावा म्हणून.

चौथऱ्याभोवती दोरी बांधलेली, आम्ही सगळे तिच्या अलीकडे. भागासुद्धा. पुतळा आतमध्ये आणि हा बाहेर, बनियनवर, लारीला टेकून उभा. हवालदारानं त्याला दोनदा मागे सरकवलं. तोंडाकडे बघून पुतळ्याकडे बघावं, एवढंही त्या बाबाला सुचलं नाही.

मग हार घालायची वेळ आली आणि गंमत झाली. पुतळ्याच्या डोक्यावर पोटलं, पोटल्याला धरलेले दोन्ही हात वर… हार गळ्यात जाईना. शेवटी एकानं हाराची गाठ सोडली, पुढून लावला आणि मागे दोऱ्यानं बांधून टाकला. टाळ्या पडल्या.

मी हसत होते. तेवढ्यात भागाच्या बायकोनं, सुमननं, माझं मनगट धरलं.

भागा नुकताच काविळीतून उठला होता. दोन महिने डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पेज टिकत नव्हती. सुमननं त्याला कसा ओढून काढला होता ते आमच्या गल्लीनं बघितलं होतं. आणि आता भर चौकात त्याच्या गळ्यात, मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा हार…

"जित्ता माणूसना पुतळाले कोणी हार घालस का, आक्का? तो काढ व माय," म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मी तिला गप्प केलं असतं.

मी अपशकुन वगैरे फार मानत नाही. पण तिला त्या रात्री झोप लागणार नाही हे मला कळत होतं, आणि पुढे भागाला साधा ताप आला तरी ती त्या हारालाच धरून बसली असती.

मी तेव्हा घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायची. छोटं कटर कमरेला असायचंच. दोरीखालून गेले, चौथऱ्यावर चढले आणि मागचा दोरा कापला. हार खाली.

गलका झाला. हवालदार धावला. पुतळा ज्यांच्या पैशानं झाला ते शेठ पुढे आले, पांढरे कपडे, चेहरा लाल. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "सेठ, ऐसा हार मरे हुए को डालते. ये आदमी जिंदा है. वो देखो, डोरी के उधर खडा है."

शेठनं पुतळ्याकडे बघितलं, मग भागाकडे. पुन्हा पुतळ्याकडे. त्यांच्याही घरी बापाच्या फोटोला हार असेलच की… कळलं त्यांना.

ताटात एक हार शिल्लक होता. कुणी पुढारी यायचा होता, तो आलाच नव्हता. शेठनं तो उचलला, स्वतः दोरी वर केली आणि भागासमोर जाऊन उभे राहिले.

आणि भागानं काय करावं? डोक्यावर कुणीतरी काहीतरी आणतंय म्हटल्यावर त्यानं गुडघे वाकवले, मान ताठ केली आणि दोन्ही हात वर नेले. पोटलं चढवून घेतात ना, अगदी तसं. डोळे मिटून वजनाची वाट बघत उभा…

शेठ हळूच म्हणाले, "पोटलुं नथी भाई, हार छे."

मग त्यानं हात खाली घेतले आणि शेठनं हार त्याच्या गळ्यात घातला. मांडवात कुणी हसलं नाही.

घरी जाताना सुमन मला म्हणाली, की उगाच चारचौघात चढलीस, पातळ पोटरीपर्यंत वर गेलं होतं. म्हटलं, पुढच्या वेळी तू चढ.

पुढे पूल झाला, चौक गेला. पुतळा कुठल्या गोदामात पडलाय देव जाणे. भागा आहे. गुडघे गेलेत, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा विचारतो, आणि सुमन आतून ओरडते की दूध तुझा बाप आणणार का.

त्या शेठचे मात्र उपकार मानते मी. माझ्यासारख्या बाईचं ऐकून चारचौघात दोरी उचलायला मोठी छाती लागते… गरिबाचा मान करायचा तर जरूर करा बाबांनो. फक्त आधी त्याच्या डोक्यावरचं पोटलं खाली घ्या, मग हार आपोआप गळ्यात जातो.