खपलेला रॅपर

रविवारी दुपारी टीव्हीवर पिकल्या दाढीचा एक रॅपर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करत होता. कॉलेजात असताना माझा नवरा, सुहास, त्याचा कट्टर भक्त होता. त्याला ते बघवेना.

"विकला गेला! आता कोण लक्षात ठेवणार त्याला?"

"विकला गेला काय, दादा?" नणंद मंजू उसळली. "त्याच्याएवढा खपला कोण?"

"तेच म्हणतोय मी. खपला!"

आवाज चढले, तशी मंजूची तान्ही उठून रडू लागली. त्या गाण्यांना जन्मभर 'बडबड' म्हणत आलेल्या सासूबाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटत हळू आवाजात सुरू केलं, "जाळून टाकू, फोडून टाकू, उलथून टाकू सारं..."

बाळ शांत झालं. आम्ही थक्क.

"आई, तुम्हाला हे पाठ?"

"हा रोज भिंतीपलीकडे लावायचा. पाठ न होऊन जाईल कुठे? हिला तर दुसरं काही चालतच नाही."

गाणं लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं, आपलं गाणं कुणाच्या घरात कुठल्या कामाला येईल ते! सासूबाईंनी दुसरं कडवं घेतलं. त्यात सिंहासनं पेटत होती, आणि सोफ्यावर दोघंही भावंडं पेंगत होती.