पुढच्या ब्रेकची केबल

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच. कळतं मला.

बाबांची मोटारसायकल होती. अमरावती सोडून ते इथे जबलपूरला फॅक्टरीत लागले, तेव्हा घेतलेली. ते गेल्यावर बरीच वर्षं अंगणात गंजत होती. मी बँकेत नोकरीला; सुटी मिळाली की तिच्याजवळ बसायचो. टाकी घासली, इंजिन उघडलं, जुने सुटे भाग शोधून शोधून बसवले. इथल्या सदर बाजारात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे म्हणे बघतात, भाग मूळचे आहेत की नंतरचे. बाबांची आठवण जपतोय, असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं. मला बक्षीस हवं होतं.

पुढच्या ब्रेकची केबल मुठीजवळ तुटत आली होती. आतल्या बारीक तारा सुटल्या होत्या. नवी आणून ठेवली होती मी — पण तिचं आवरण काळंभोर, चकचकीत. जुनीचं राखाडी. त्या गाडीवर नवी शोभेना. मग काय केलं? सुटलेल्या तारा पिळल्या, कथिलाचा डाग दिला, वरून रबर चढवलं. प्रदर्शनापुरती टिकेल, म्हटलं. चालवणार कोण आहे?

दादा चालवणार होता. माझा मोठा भाऊ. शाळेत खेळाचा मास्तर, हॉकी खेळताना पोरांच्याही पुढे धावायचा. प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी आला, एक चक्कर मारून आणतो म्हणाला. अंगणातच त्याने ब्रेक दाबून पाहिला.

"काहून रे, ढिला लागून राहिला. केबल नवी टाकली ना?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण मग त्याने ती बदलायलाच लावली असती —

"टाकली ना," मी म्हणालो. "चलो, जा तू."

ग्वारीघाटाच्या उतारावर ट्रॅक्टर आडवा आला. केबल तुटली. मागच्या ब्रेकवर गाडी आवरली नाही.

लोकांनी दादाला दवाखान्यात नेलं, गाडी टेम्पोत घालून घरी आणून दिली. आणि मी — मी आधी दवाखान्यात गेलो नाही. आधी तुटकी केबल काढून फेकली, नवी बसवली. हात स्वच्छ धुतले. मग गेलो.

दादाला धड बोलता येत नव्हतं. तरी मला बघून म्हणाला, "माझ्याच हातून ब्रेक उशिरा दाबला गेला रे. बाबांची गाडी मोडली मी. माफ कर."

काय म्हणालो असेन मी? "जाऊ दे, दादा." माफ केलं मी त्याला!

त्याचा उजवा गुडघा आता वाकत नाही. शाळेने मैदान काढून घेतलं, ऑफिसात कारकुनी दिली. मैदान त्याच्या खिडकीतूनच दिसतं. दुसऱ्या वर्षी गाडी नीट करून मी प्रदर्शनात नेली. बक्षीस मिळालं. केबल जुनी की नवी, कोणी वाकूनही पाहिलं नाही.

त्याला सांगायची वेळ आली नाही असं नाही. कितीदा आली. प्रत्येक वेळी वाटायचं — आता सांगून गुडघा थोडाच वाकणार आहे? हे मी त्याच्यासाठी म्हणायचो का? नाही.

गेल्या महिन्यात पुतणीचा साखरपुडा झाला. जेवताना वहिनी होणाऱ्या जावयाला म्हणाल्या, "बेटा, गाडी हळू चालवत जा. आमचे हे बघ, वेळेवर ब्रेक दाबायचंच विसरले."

दादाने मान खाली घातली आणि हसला. पंगतीतले सगळे हसले.

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मीही हसलो.