ताईंनी शोधलेला स्टँड

आमच्या ताईंना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तरी मी आज गिटार वाजवते, ती त्यांच्यामुळे.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळी सगळे विहारात जाऊन आलो. घरी आल्यावर म्हटलं, आता हे लिहूनच टाकते.

माझी हवाईन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकवत वाजवायची. लग्नाच्या आधीपासून वाजवते. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतांना माझी साथ ठरलेलीच असायची.

मग स्कूटीवरून पडले. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मांडीवर वजन नको. मी विचारलं, किती दिवस?

"आता कायमचंच समजा."

घरी आल्यावर नवऱ्याला गिटार आलमारीवर ठेवायला लावली. रडले वगैरे नाही. 

संध्याकाळी ताई भाजीचा डबा घेऊन आल्या. आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून वं रंजू, हे वर काहून चढवली?"

"मांडीवर चालत नाही म्हणतात, ताई."

"मंग मांडीवर काहून ठेवते? दुनियेतले सारे टेबलं मेले का?"

झालं. त्या दिवसापासून ताईंनी ते काम अंगावर घेतलं.

आता ज्यांना वाटतं त्यात काय एवढं, त्यांच्यासाठी सांगते. टेबल उंच असलं की खांदे वर चढतात. बुटकं असलं की गुडघे खाली जात नाहीत. आणि जरासं डुगडुगलं तरी बार सरकतो आणि सूर गेला.

आमचं डायनिंग टेबल उंच निघालं. इस्त्रीचं टेबल झुलायचं. कीबोर्डचा स्टँड आणला, तर माझे गुडघे त्याच्या कात्रीसारख्या पायांत अडकले.

बर्डीच्या बाजारातल्या वाद्यांच्या एका दुकानात तर गिटार उभी टेकवून ठेवायचे स्टँड दाखवले. एकाहून एक चकाचक.

ताई म्हणाल्या, "अगा दादा, ठेवाले नाही पाहिजे, वाजवाले पाहिजे. ठेवाले आमची आलमारी हाय."

ताईंचा एक नियम होता. मडकंसुद्धा टकटक केल्याशिवाय घ्यायचं नाही. त्यामुळे गिटार चादरीत गुंडाळून आमच्यासोबत दुकानोदुकानी फिरायची. मी वॉकर घेऊन मागे. ताईंनी दुकानदाराची खुर्ची मागायची, मला बसवायचं आणि म्हणायचं, "हं, वाजव." मी लाजेनं अर्धमेली व्हायचे. त्यांना लाज हा प्रकारच ठाऊक नव्हता.

शेवटी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याजवळ, पेशंटचं सामान विकणाऱ्या एका दुकानात त्यांना ते दिसलं. दवाखान्यात पेशंटला जेवायला देतात ना, पलंगावरून सरकवायचं टेबल? ते. उंची कमीजास्त होते, पाय आरामात खाली जातात.

मी बसले. वाजवलं. पाच महिन्यांनी पहिल्यांदा नीट वाजलं. तेव्हा मात्र रडले, दुकानातच.

ताई दुकानदाराला म्हणाल्या, "पाहून काय राहिला? पॅक कर."

एक गोष्ट आम्हा दोघींच्याही डोक्यात आली नाही. त्या टेबलाला चाकं होती.

घरातली फरशी सपाट, त्यामुळे काही कळलं नाही. कळलं ते जयंतीच्या स्टेजवर. फळ्यांचं स्टेज, पुढे जरासा उतार. दुसऱ्या कडव्याला माझी गिटार हळूहळू लोकांकडे निघाली. मी खुर्चीसकट तिच्या मागे. सूर कुठल्या कुठे लांबला, आणि पुढच्या रांगेतल्या पोट्ट्यांना वाटलं ही स्टाइलच आहे. शिट्ट्या!

तेवढ्यात ताई नवी कोरी पांढरी साडी सावरत स्टेजवर चढल्या. सरळ फळ्यांवर फतकल मारली आणि दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरला.

लोक हसायला लागले.

"हासून काय राहिले? टाळ्या वाजवा!"

लोकांनी वाजवल्या. मी पुढची चारही गाणी वाजवली. ताई उठल्या नाहीत. हजार माणसांसमोर माझं टेबल धरून बसल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चाकं काढून तिथे पाइपाचे तुकडे वेल्ड करून घेतले. खाली घालायला रबरी बूट हवे होते. ते त्यांनी माझ्या वॉकरचे काढले.

"ताई, मग मी चालू कशी?"

"आता चालते तू बिना वॉकरची. उगाच नखरे करून राहिली."

आणि खरंच, मी चालायला लागले.

गेल्या वर्षी ताईंनी अंथरूण धरलं. उठून बसायलाही उशा लागायच्या. मला वाटलं, आता हे टेबल मुळात ज्या कामाचं आहे त्या कामाला लागू दे. गिटार उतरवली, टेबल पुसलं आणि त्यांच्या पलंगाशी नेलं.

"हे काहून आणलं?"

"तुम्हाला जेवायला बरं पडेल."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जेवाले माही मांडी हाय. तुले नाही ना वं. ने परत."

मी हट्ट केला. त्या ऐकतात होय! शेवटी टेबल तिथेच ठेवलं, पण त्यावर गिटार ठेवून. रोज दुपारी त्यांच्या खोलीत वाजवायचे. प्रत्येक गाणं संपलं की विचारायच्या, "छान हाय. कोणतं होतं हे?" काल वाजवलेलंच असायचं.

आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत, हात थरथरत असतानाही, ताट मांडीवर घेऊनच जेवल्या.

ताई, तुमचे उपकार फेडायचे नाहीत. वाजवत राहायचं, एवढंच कळतं.

तुमच्या धाकटीचा मनापासून जय भीम.