सेमाडोहची लाइन

साताऱ्याहून सुटलेली गाडी सकाळी अकोल्याच्या पुढे आली, तेव्हा खिडकीबाहेर काळी जमीन लागली. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मध्येच पिवळा पडत चाललेला हरभरा. आमच्या वाईकडे नजर कुठेतरी डोंगराला टेकते, इथे ती नुसतीच पुढे जात राहते. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. पिशवीत मेथीचे लाडू होते आणि त्यांच्याखाली एक अर्ज. वाईतल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा निघाली होती. तो अर्ज मीच भरून आणला होता. फक्त मुलीची सही राहिली होती.

माझी मुलगी अश्विनी एम.एस्सी. झाली आणि परीक्षा देऊन मेळघाटात वनरक्षक म्हणून रुजू झाली. "ही आपली लाइन नव्हे," असं मी तेव्हा म्हणाले होते. ती बॅग भरून निघाली. त्याला दीड वर्ष झालं होतं. फोन होत, पण ती कुठे राहते ते बघायला मी एकदाही गेले नव्हते.

मूर्तिजापूरला उतरले. फलाटाबाहेर आलूबोंडे तळणाऱ्या बाईला बसस्थानकाचा रस्ता विचारला. तिने झाऱ्याने दिशा दाखवली.

"लाइन वलांडून तिकडून जा, मावशी."

समोर गवतात बुडालेले अरुंद रूळ होते. मी थबकले, डावीउजवीकडे पाहिलं. ती हसली.

"काहून (का) भेता? तिच्यावर गाडी येतच नाही आता. शकुंतला, आमची लहान रेल्वे, बंद हाय. बकऱ्या चरते तिथं."

बसस्थानकावर परतवाड्याच्या गाडीसाठी झुंबड होती. "लाइनीनं चढा, लाइनीनं," असं वाहक सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. मला जागा मिळाली ती वानखडे नावाच्या एका बाईंमुळे. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या होत्या आणि त्यातली एक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून मला दिली. परतवाड्याच्या सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"मी नर्सच्या लाइनीत तीस वर्सं होती," त्या म्हणाल्या. "तुमी?"

"मी शाळेत इंग्रजी शिकवायची."

"अन् पोरगी कोनत्या लाइनीत हाय?"

"सरकारी नोकरीत आहे."

"ते त समजलं. पन काम काय करते?"

"जंगलात असते. वनरक्षक आहे."

"मंग लपवून काहून राहिल्या?" त्यांनी सरळ विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "पोरगी लाइनीले लागली. आपल्या पायावर उभी हाय. मी नर्स झाली तवा माह्या मायनं साऱ्या मोहल्ल्यात गूळ वाटला होता."

परतवाड्याला उतरताना त्यांनी मला सेमाडोहच्या गाडीत बसवून दिलं आणि वाहकाला बजावलं, "बाईले बराबर उतरवजो."

घाट चढताना सागाची पानं रस्ताभर पडली होती. चारच्या सुमाराला सेमाडोह आलं. खाकी गणवेशातली एक काळवंडलेली, बारीक मुलगी पुढे आली आणि तिने माझी पिशवी घेतली, तेव्हा कुठे मला ओळख पटली. तिने मला हॉटेलात नेलं आणि द्रोणातून रबडी दिली. इथली रबडी दाट, धुराचा वास असलेली. मी दुसरा द्रोण मागितला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

तिची खोली लहान, पण नीटनेटकी होती. दिवेलागणीला विजेचा दिवा लुकलुकून विझला. "लाइन गेली," ती सहज म्हणाली आणि कंदील लावला. "उद्या लवकर उठशील? उद्या लाइनवर जायचंय."

"तारांचं काम तुम्हीच करता का?" मी विचारलं. फोनवर ती कधीकधी म्हणायची, "दोन दिवस लाइनवर होते." मी आजवर समजत होते, ही विजेचे खांब सांभाळते.

"फायर लाइन, आई. जाळरेषा. आधीच गवत जाळून पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा पलीकडे जात नाही."

मी सत्तावीस वर्षं मुलांना या शब्दाचे अर्थ शिकवले होते. रेषा, ओळ, रांग. हा माझ्या फळ्यावर कधी आला नव्हता.

सकाळी तिने मला रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेत उभं केलं. दहाबारा कोरकू मजूर होते, निम्म्या बायका. गवत पेटवलं. आग हळूहळू, माणसाच्या चालीने सरकत होती. मग वारा फिरला. एक ठिणगी पट्ट्याच्या पलीकडे पडली आणि वाळलेल्या पानांनी एकदम पेट घेतला.

मी ओरडणार होते, पण अश्विनी ओरडली नाही. "फुलाबाई, खालून या. मोतीराम, पाण्याचा पंप घेऊन इकडे." ती स्वतः हिरवी फांदी घेऊन धुरात शिरली. मला ती दिसेना. नुसता फांद्यांचा सपासप आवाज येत होता. काही वेळाने धूर पांढरा झाला आणि ती बाहेर आली, भुवया राखेने माखलेल्या. तिने आधी माणसं मोजली. मग फुलाबाईचा भाजलेला अंगठा धुतला, मलम लावलं. सगळ्यात शेवटी पाणी प्यायली आणि राखेचं तोंड धुवायला बसली.

मी जवळ जाऊन बाटली धरली. तिथेच, त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला बसून, मी तिला अर्जाबद्दल सांगितलं. खोलीवर आल्यावर तिने तो पूर्ण वाचला.

"किती सुंदर अक्षरात भरलायस गं," ती म्हणाली. "पण मी इथे बरी आहे, आई."

"दिसलं मला ते," मी म्हणाले. "भीती वाटली खूप. पण दिसलं."

तिने अर्जाची घडी घालून चुलीत सारली आणि त्यावरच चहा ठेवला. त्या चहाबरोबर आम्ही दोघींनी मिळून अर्धा डबा लाडू संपवले.

आणखी तीन दिवस राहिले. परतताना ती अमरावतीपर्यंत सोबत आली, तिचं तिथे कार्यालयात काम होतं. रिक्षावाल्याने आम्हाला एका गल्लीत नेलं आणि गिल्लावडा (दह्यात भिजवलेला, मसाला घातलेला उडदाचा वडा) खायलाच लावला. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तसं सांगितलं.

गाडी हलताना ती खिडकीशी येऊन म्हणाली, "पोचलीस की लगेच फोन कर. विसरू नकोस."

हे वाक्य आमच्या घरात आजवर मी म्हणत आले होते. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीला, वसतिगृहाला निघालेल्या पोरीला. आता मागे राहून काळजी करण्याची पाळी तिची होती, आणि मला ते फार बरं वाटलं. रात्रभर मी शांत झोपले.

वाईत घराशी आले, तेव्हा दार उघडायच्या आधी, पायरीवर उभी राहूनच मी तिला फोन लावला.